चार बेस, चार टॉप आणि अरुंद गल्ली

लग्नाची सुपारी ठरवताना हिंगोली जिल्ह्यात एक प्रश्न हमखास निघतो: बेस किती? दोन बेस-दोन टॉप, चार-चार, की आयशर भरून? वसमत असो, सेनगाव असो की कळमनुरी, भावकीत खल होतो तो या आकड्यावर. गाणारा सुरात आहे का, ऑर्केस्ट्रात ढोलकी कोण वाजवणार, हे मागाहून. पाहुण्यांच्या परण्यात चार होते ना, मग आपल्याकडे सहा तरी पाहिजेतच. वरातीतली ही चढाओढ आता भीमगीतांच्या कार्यक्रमात, देवीच्या जागरात आणि सप्त्यातल्या कीर्तनातही शिरली आहे. कार्यक्रम कुठे आहे आणि ऐकायला कोण बसणार आहे, हे न पाहताच बेस ठरतो, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

खालच्या सुराशी कुणाचं वैर नाही. मराठी माणसाला तो लागतोच. कायाधूच्या काठावरच्या नर्सी नामदेवला परतवारीच्या एकादशीला कीर्तन ऐकणाऱ्याला पखवाजाची डावी थाप अंगात घुमल्याशिवाय करमत नाही. ती थाप कशी घडते हे जवळून पाहण्यासारखं आहे. कीर्तन उभं राहण्याआधी मृदंगवाला मळलेल्या कणकेचा गोळा घेऊन डाव्या पुडीच्या मधोमध थापतो, बोटांनी कडा पातळ करत नेतो आणि एक थाप मारून कान देतो. कणीक जास्त झाली तर आवाज बसतो, बोल गिळले जातात. कमी पडली तर पोकळ वाजतो. मग नखाने चिमूटभर काढायची किंवा चिमूटभर लावायची. मध्येच ती वाळायला लागली की पाण्याचं बोट फिरवायचं. गाणाऱ्याची पट्टी, हवा, कातड्याचा ताण असं सगळं पाहून ते प्रमाण ठरतं. अमक्याच्या सप्त्यात अर्धा किलो कणीक लावली होती, अशी बढाई मात्र अजून कुणी मारलेली नाही.

या जिल्ह्यातली आवाजाची सगळ्यात जुनी तक्रारही कीर्तनाचीच आहे. औंढा नागनाथाच्या देवळासमोर नामदेवांचं कीर्तन रंगलं, पुजाऱ्यांना पूजेत अडथळा वाटला, त्यांनी नामदेवांना तिथून उठवलं. नामदेव देवळामागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं, अशी कथा घरोघर सांगतात. टाळ, वीणा, मृदंग आणि माणसांचे गळे, एवढ्या सामग्रीवर देऊळ फिरल्याचं आपण श्रद्धेने ऐकतो आणि दोनशे माणसांच्या कार्यक्रमाला अठरा इंची स्पीकरचे सहा खोके मागवतो.

खोके वाढवले की आवाज त्याच पटीत वाढतो, हा समज आधी काढून टाकायला हवा. अँप्लिफायरचे वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने. एकंदर आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबलची वाढ लागते, म्हणजे वॅट दहापट. चार बेसचे सहा केले, सगळे एकमेकांना चिकटवून नीट जुळवले, तरी मिळकत फार तर साडेतीन डेसिबल. भाडं दीडपट, गाडी मोठी, जनसेट मोठा, डिझेल जास्त. आणि जनसेट जेमतेम असेल तर प्रत्येक ठोक्याला मांडवातले दिवे मिचमिचतात ते वेगळंच.

खरा फरक पडतो तो जागेने. हिंगोलीच्या रामलीला मैदानासारख्या उघड्या जागेवर आवाज चहूकडे पांगतो. अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल गळतात. परत फेकायला भिंत नसते. तिथे मागच्या रांगेपर्यंत ढोलकीची घुमारी पोचवायची तर जास्त बेस लागतो, आणि तो मागणाऱ्या वादकाचं काही चुकत नाही. पत्र्याच्या मंगल कार्यालयात नेमकं उलटं. ५० हर्ट्झच्या ठोक्याची लहर सुमारे सात मीटर लांब असते. एवढी लांब लहर भिंतीला जुमानत नाही, कोपऱ्याला वळसा घालते, भिंतीवर आपटून परतते आणि पुढच्या ठोक्यात मिसळते. दहा फुटांच्या गल्लीत तर विचारूच नका. आयशर वळणावर येण्याआधी घराघरातल्या मांडणीवरची भांडी वाजू लागतात, माळवदाची माती झरते, गोठ्यातली म्हैस दावं ओढते. टॉपचा, म्हणजे वरच्या सुरांच्या खोक्यांचा, आवाज खिडकी लावल्यावर बराच अडतो. बेस भिंतीतूनच आत येतो.

जाणते ऑपरेटर म्हणूनच बेसचे खोके स्टेजच्या दोन टोकांना न मांडता मधोमध एकत्र ठेवतात. दोन टोकांना ठेवले की दोन्हीकडच्या लहरी काही जागी एकमेकींत भर घालतात, काही जागी एकमेकींना मारतात. मग एका खुर्चीवर छाती धडधडते आणि चार खुर्च्या सोडून बसलेला माणूस म्हणतो, बेसच नाही. त्याच्यासाठी बेस वाढवला जातो आणि पहिल्याचे हाल होतात.

कीर्तनात आणि भीमगीतांत हे आणखी महागात पडतं, कारण तिथे शब्दाला मोल आहे. मोठ्या आवाजातला खालचा सूर वरच्या सुरांना झाकतो, हा कानाचा स्वभावच आहे. ‘क’, ‘त’, ‘स’ यांसारखी व्यंजनं वरच्या पट्टीत, २००० ते ४००० हर्ट्झच्या आसपास स्पष्ट होतात. बेस चढला की आधी तीच बुडतात. वामनदादा कर्डकांनी हयातभर गावोगाव फिरून ज्या शब्दांनी माणसं जागी केली, ते शब्द जयंतीच्या मिरवणुकीत ठोक्याखाली ऐकूच येत नसतील, तर वाजतंय ते नेमकं काय? कीर्तनकाराच्या माईकवर तर बेसचं बटण निम्म्याखालीच हवं. अनेक ठिकाणी ते पूर्ण फिरवलेलं असतं, आवाज ‘भारदस्त’ वाटावा म्हणून.

जगातल्या मोठ्या बँडनाही हे कोडं सुटायला वेळ लागला. १५ ऑगस्ट १९६५ ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स ५५ हजारांहून अधिक लोकांपुढे वाजवत होते, ते शंभर वॅटच्या अँप्लिफायरांवर. लोकांच्या किंकाळ्यांत गाणं बुडून गेलं. गावाकडच्या साध्या परण्यातल्या गाडीवर आज त्याच्या कितीतरी पट वॅट असतात. मग १९७४ मध्ये अमेरिकेतल्या ग्रेटफुल डेड या बँडने दुसरं टोक गाठलं: सुमारे सहाशे स्पीकरांची अजस्र भिंत, बेस गिटारच्या प्रत्येक तारेला वेगळे स्पीकर. हेतू मात्र दणक्याचा नव्हता. प्रत्येक वाद्य फाटल्याशिवाय स्वच्छ ऐकू यावं यासाठी तो खटाटोप होता. खर्च आणि वाहतूक झेपेना, तेव्हा त्याच वर्षी ती भिंत त्यांनी मोडली.

आता कायद्याकडे वळू. ध्वनी प्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्याहून १० डेसिबल जास्त चालतात, पण कुठेही ७५ च्या वर नाही. म्हणजे निवासी वस्तीत दिवसा ६५. दोन माणसं समोरासमोर बोलतात तोच आवाज साठच्या घरात जातो; या हिशेबाने बँड सोडा, ताशाही बसत नाही. न पाळता येणारी मर्यादा कुणीच पाळत नाही आणि मग कारवाई होते ती पोलिसांच्या मर्जीने.

याहून मोठी गोम मापात आहे. हे डेसिबल ‘ए’ पद्धतीने मोजतात. ही पद्धत मंद आवाजाला कान कसा प्रतिसाद देतो त्यावर बेतलेली असल्याने खालच्या सुरांना भरमसाट सूट देते. ५० हर्ट्झच्या आवाजातून ती तब्बल ३० डेसिबल वजा करते. शंभर डेसिबलचा नुसता ठोका मापकावर सत्तर दिसतो. भांडी वाजताहेत, म्हातारीची छाती धडधडतेय आणि मापक त्यातलं बरंचसं मोजतच नाही. ‘सी’ पद्धतीत याच ठोक्यातून जेमतेम सव्वा डेसिबल वजा होतो. फ्रान्सने २०१७ च्या आदेशात कार्यक्रमांसाठी म्हणूनच दोन्ही मर्यादा घातल्या: पंधरा मिनिटांच्या सरासरीत ‘ए’ मापाने १०२ आणि ‘सी’ मापाने ११८ डेसिबल. आकडे आपल्याला जास्त वाटतील, कारण ते कार्यक्रमात बसलेल्या प्रेक्षकासाठी आहेत. पण बेस वेगळा मोजायचा असतो, हे तिथल्या सरकारला कळलं.

आपल्याकडे त्याऐवजी सरसकट बंदीचा मार्ग निघतो. सप्टेंबर २०१८ मध्ये गणेश विसर्जनात डीजे-डॉल्बी वाजवू देण्याची साउंड व्यावसायिकांची अंतरिम मागणी मुंबई उच्च न्यायालयाने नाकारली. लोकांना झालेला जाच पाहता न्यायालयाला दोष देता येत नाही. पण बंदी चार दिवसांची असते, आणि कर्ज काढून खोके घेतलेला पोरगा पाचव्या दिवशी हप्त्यासाठी पुन्हा तेच खोके गल्लीत उभे करतो.

सणाआधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते, तिथे ‘आवाज कमी ठेवा’ या विनंतीपलीकडे चार कामाचे प्रश्न विचारता येतील. मिरवणुकीच्या वाटेवरची सगळ्यात अरुंद जागा किती फुटांची? गाडीवर बेस किती? गल्लीत शिरताना त्यातले किती बंद करणार? मापकावर ‘सी’चा पर्याय आहे का? परवाना देताना रामलीला मैदानाला आणि जुन्या वस्तीतल्या बोळाला एकच नियम लावायचं कारण नाही.

सुपारी देणाऱ्यांनी भावाची रीतही बदलावी. दर खोक्यावर ठरतो तोवर कमी खोके आणा असं सांगणारा ऑपरेटर स्वतःच्याच पोटावर पाय देणार. दर कार्यक्रमावर ठरला, ऑपरेटरने आदल्या दिवशी जागा पाहायची आणि बेस त्याने ठरवायचा असं बोलणं झालं, तर दोन खोक्यांत काम भागवणाऱ्याचाच फायदा होईल. त्याची गाडी लहान लागेल, डिझेल वाचेल आणि रात्री दहाच्या आत खोके उतरवून तो घरी पोचेल.