आघाड्याचा क्षार घरच्या टोपात नको



मूळव्याध, भगंदर हे शब्द आपल्या वस्तीत मोठ्याने कुणी उच्चारत नाही. शौचाला रक्त पडले तरी बायाबापड्या महिनोन्‌महिने लपवतात. मग कुणीतरी कानात सांगते, "आघाडा जाळ, राखेचे पाणी आटव, तो क्षार लाव." आघाडा काही दुर्मीळ नाही. श्रावण-भाद्रपदात दादरच्या फूलबाजारात त्याच्या जुड्या मिळतात. म्हणून हा क्षार आहे तरी काय, ते समजून घेऊ.

वाळलेला आघाडा जाळून त्याची राख 6 पट पाण्यात कालवतात. ते पाणी 21 वेळा गाळून मंद आचेवर आटवतात. तळाशी उरतो तो क्षार, मुख्यतः पोटॅशियमचा. राखेने भांडी घासणाऱ्या बाईचे हात खरखरीत होतात, ते राखेतल्या याच क्षारामुळे. आटवल्यावर त्याचा जोर कित्येक पटींनी वाढतो. नाजूक जागी लावला तर कातडी भाजते. डोळ्यात उडाला तर नजर जाऊ शकते. मूत्रपिंडाच्या रुग्णाने पोटात घेतला तर रक्तातले पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

म्हणजे हे औषध थोतांड आहे का? नाही. थोराचा चीक, हाच क्षार आणि हळद यांचे थर दिलेला दोरा, म्हणजे क्षारसूत्र, भगंदरावर वापरतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने त्याची शस्त्रक्रियेशी तुलना करून पाहिली. निष्कर्ष 1991 साली आले : जखम भरायला वेळ जास्त लागतो, पण भगंदर उलटण्याचे प्रमाण कमी. मात्र तो दोरा प्रशिक्षित हातांनीच घालायचा असतो.

बिंबिसार राजाचा भगंदर वैद्य जीवकाने लेपाने बरा केल्याची नोंद विनयपिटकात आहे. राजाने दुखणे वैद्याला दाखवले, मग आपल्याला लाज का वाटावी? आणि परंपरेने चालत आले म्हणून मानू नका, पारखून घ्या, हे तर भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले.

तेव्हा रक्त पडले की आधी तपासणी. प्रत्येक रक्तस्राव मूळव्याधीचा नसतो, कधी तो कर्करोगही असतो. परळचे केईएम आहे. आयुर्वेदच हवा असेल तर वरळीच्या सरकारी पोदार रुग्णालयात शल्यतंत्र विभाग आहे. क्षार अंगावर किंवा डोळ्यात उडालाच तर वाहत्या पाण्याने बराच वेळ धुवा, वर लिंबू पिळू नका, आणि लगेच दवाखाना गाठा.

सरकारी रुग्णालये आपल्या हक्काची आहेत. लाज सोडा, केसपेपर काढा.