संत्र्यावरचा कर आणि कापसाची सूट

सीमाशुल्क हा विषय निर्यातदारांचा आणि सचिवालयातील बाबूंचा आहे, शेतकऱ्याने त्यात डोके घालू नये, अशी समजूत वऱ्हाडात पद्धतशीरपणे रुजविण्यात आली आहे. ती जितक्या लवकर मोडेल तितके बरे. अमरावतीचा संत्रा आणि अकोल्याचा कापूस या दोन्ही पिकांचे भाव गेली काही वर्षे पावसापाण्याइतकेच देशाच्या सीमेवरील नाक्यांवर ठरत आले आहेत.

प्रथम संत्रा. वरुड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर या तालुक्यांतील संत्र्याचे परदेशातील मोठे गिऱ्हाईक म्हणजे बांगलादेश. माल ट्रकने पश्चिम बंगालमधील पेट्रापोलला जातो आणि पलीकडे बेनापोलला उतरतो. 2019 साली तेथे किलोमागे सुमारे 20 रुपये आयातकर पडत असे. 2023 पर्यंत तो 88 रुपयांवर गेला. ‘बांगलादेशाने कर वाढविला’ एवढे म्हणून आपले पुढारी मोकळे होतात. कार्यकर्त्याने मात्र हिशेब मांडून पाहिला पाहिजे.

समजा, फळाचे मूल्य 100 टका धरले. त्यावर 25 टक्के मूळ सीमाशुल्क. मे 2022 मध्ये परकीय चलनाची टंचाई भासू लागताच नियामक शुल्क 3 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर नेण्यात आले. झाले 145. या 145 वर 20 टक्के पूरक शुल्क, म्हणजे 29, झाले 174. या 174 वर 15 टक्के मूल्यवर्धित कर, 26.10, आणि 5 टक्के आगाऊ कर, 8.70. शिवाय मूळ मूल्यावर 5 टक्के आगाऊ प्राप्तिकर. त्या वेळी एकूण कर झाला 113.80 टका! फळापेक्षा कर जड. नियामक शुल्क 3 टक्के असताना हाच बोजा 89.32 होता. म्हणजे शुल्क वाढले 17 टक्के, बोजा वाढला 24 टक्क्यांहून अधिक. कारण येथे करावर कर चढतो. आणि हे सारे बसते ते सीमाशुल्क खाते मान्य करील त्या मूल्यावर. खात्याने किलोचे मूल्य वाढवून धरले, की दर न वाढताही कर वाढतो.

हा कर कागदोपत्री पलीकडचा आयातदार भरतो. पण तो तेवढा भाव पाडून निर्यातदाराकडे माल मागतो, निर्यातदार व्यापाऱ्याकडे, आणि व्यापारी बागेत उभा राहून शेतकऱ्याकडे. या उतरंडीत ज्याच्या खाली कोणी नाही, त्याच्या पाठीवर ओझे येऊन पडते. दुसऱ्या टोकाला ढाक्याच्या कपडा कारखान्यातील कामगाराच्या घरून संत्रे हद्दपार होते. आपले भांडण त्या कामगाराशी नाही.

यावर महाराष्ट्र सरकारने डिसेंबर 2023 मध्ये कोणता उपाय काढला? कराची निम्मी रक्कम, किलोमागे 44 रुपये, निर्यातदारांना अनुदान म्हणून देण्याचा! ज्याने बाग झाडावरच व्यापाऱ्याला विकली, त्या शेतकऱ्याच्या हाती निर्यातीचा कागद नसतो. कागद नाही म्हणून अनुदानही नाही. त्याच्या नावाने निघालेला पैसा त्याच्या बांधावरून पुढे निघून जातो.

कोणी म्हणेल, बांगलादेश सार्वभौम राष्ट्र आहे. त्याचे कर आपण कसे ठरविणार? ठरवू शकत नाही. वाटाघाटी तर करू शकतो? 2011 साली भारताने मद्य आणि तंबाखू वगळता बांगलादेशाच्या जवळजवळ सर्व मालाला आपली बाजारपेठ शुल्कमुक्त केली. त्या बदल्यात संत्र्याचा शब्द कोणी टाकला? उलट ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लादले आणि डिसेंबरात निर्यातच बंद केली. शेजाऱ्याच्या ताटातील कांदा एका अधिसूचनेने काढून घेणाऱ्याने त्याच्याकडे संत्र्यासाठी सवलत कोणत्या तोंडाने मागावी? आफ्रिकेतील राष्ट्रांनी 2018 साली किगाली येथे करार करून आपसांतील बहुतांश मालावरचे शुल्क टप्प्याटप्प्याने उठविण्याचे ठरविले आणि 2021 पासून त्याखाली व्यापार सुरू केला. गती संथ आहे. पण दिशा आहे. दक्षिण आशियाचा मुक्त व्यापार करार 2006 पासून अमलात असून वरुडच्या बागेत त्याची सावलीही पोचलेली नाही.

आता कापूस. सीमाशुल्काच्या बाबतीत आपण हतबल आहोत असे सांगणारे सरकार स्वतःच्या हातातील शुल्काचे काय करते? 2021 च्या अंदाजपत्रकात आयात कापसावर 11 टक्के शुल्क बसले. 19 ऑगस्ट 2025 रोजी ते शून्यावर आणले गेले, प्रथम सप्टेंबरअखेरपर्यंत आणि दहा दिवसांतच मुदत वाढवून 31 डिसेंबरपर्यंत. म्हणजे अकोल्याच्या शेतकऱ्याची वेचणी आणि विक्री चालू असण्याच्या ऐन महिन्यांत! कारखानदारांची हाक दिल्लीला काही दिवसांत ऐकू येते. बागाईतदाराची चार-चार वर्षे येत नाही. 1896 साली इंग्रज सरकारने लँकेशायरच्या गिरण्यांसाठी येथील गिरणी-कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसविला होता. राज्यकर्ते बदलले, शुल्क कोणासाठी, हा प्रश्न तोच राहिला.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. संत्र्याचा प्रश्न बांगलादेशाशी होणाऱ्या व्यापारी वाटाघाटींत लेखी मांडावा. अनुदान द्यायचे तर ते सातबाऱ्यावरील नावाला आणि प्रत्यक्ष कसणाऱ्याला द्यावे. कापसाची वेचणी सुरू झाल्यापासून हंगाम संपेपर्यंत आयातशुल्कात सूट देऊ नये. निर्यातबंदीचा निर्णय शेतकरी संघटनांना विचारल्यावाचून घेऊ नये.

साथींनो, वरचा हिशेब गावागावांत फळ्यावर मांडा. 113.80 हा आकडा ज्या दिवशी मोर्शीच्या पारावर तोंडपाठ होईल, त्या दिवशी ‘बांगलादेशाने कर वाढविला’ एवढ्या उत्तरावर कोणत्याही पुढाऱ्याला सुटता येणार नाही.