प्रमाणपत्र जुने, पान आजचे

नवे सरकारी संकेतस्थळ सुरू झाले की मंत्र्यांच्या हस्ते कळ दाबली जाते, बातमीत ‘अद्ययावत’ आणि ‘नागरिकस्नेही’ ही विशेषणे येतात आणि विषय तिथेच मिटतो. ती विशेषणे खरी आहेत का, हे पाहायला समिती नेमावी लागत नाही. संगणकावर क्रोममध्ये ते पान उघडा, एफ12 दाबा आणि ‘लाइटहाउस’ निवडा. थोड्याच वेळात वेग, सुगम्यता (अपंगांनाही पान वापरता येणे) अशा कसोट्यांवर शंभरपैकी गुण समोर येतात; 90 किंवा अधिक असतील तर हिरवे, 50 च्या खाली लाल. गुगलचे हे साधन मुक्तस्रोत आहे, फुकट आहे आणि 2017 पासून ब्राउझरमध्येच बसवलेले आहे. जनतेच्या पैशातून होणाऱ्या प्रत्येक संकेतस्थळाचे बिल चुकते करण्याआधी ही तपासणी सक्तीची असावी आणि तिचा तारखेसह अहवाल त्याच संकेतस्थळावर लावला जावा.

या साधनात गुणांपेक्षा मोलाचे आहे ते त्यामागचे गृहीतक. मोबाइलच्या चाचणीत लाइटहाउस प्रोसेसर चौपट मंद आणि इंटरनेट सेकंदाला जेमतेम 1.6 मेगाबिटचे आहे, असे धरून हिशेब मांडते. कार्यालयातल्या फायबरवर झटक्यात उघडणारे पान इथे उघडे पडते. मुखपृष्ठावर उद्घाटन सोहळ्याचे 5 मेगाबाइटचे छायाचित्र असेल (आणि ते बहुधा असतेच), तर या वेगाने ते एकटेच सुमारे 25 सेकंद खाते. गुगलच्या निकषानुसार पानावरचा सर्वांत मोठा घटक अडीच सेकंदांत दिसायला हवा. मुदतीच्या शेवटच्या दिवशी दोन काड्यांच्या रेंजवर पीकविम्याचा अर्ज भरणाऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

सरकारी कार्यालये यावर प्रमाणपत्र पुढे करतील. केंद्राची संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे 2009 पासून आहेत, 2023 मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली आणि एसटीक्यूसी या केंद्राच्याच चाचणी यंत्रणेचे प्रमाणपत्रही मिळते. पण प्रमाणपत्र तपासणीच्या दिवशीच्या पानाचे असते. पुढच्याच आठवड्यात कुणी तिथे सरकता मजकूर चढवतो, कुणी फिकट करड्या अक्षरांत सूचना टाकतो, आणि प्रमाणपत्राचे बोधचिन्ह तळाशी जसेच्या तसे राहते. ब्राउझरमधली चाचणी दर सोमवारी करता येते, आणि ती खात्याबाहेरचा माणूसही करू शकतो. शिवाय सुगम्यता ही आता मर्जीची बाब उरलेली नाही. सुगम्यतेचे नियम निव्वळ शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने राजीव रातुरी प्रकरणात नोव्हेंबर 2024 मध्ये बजावले. एप्रिल 2025 मध्ये डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

अधिक वजनदार आक्षेप तंत्रज्ञांकडून येतो : गुण फसवे असतात. ते खरेच आहे. मान्युएल माटुझोविच या वेब विकासकाने 2019 मध्ये मुद्दाम कुणालाच वापरता येणार नाही असे पान बनवले आणि लाइटहाउसकडून सुगम्यतेचे पूर्ण शंभर गुण मिळवून दाखवले. मराठी पानांबाबत तर एक भोक हमखास राहते. पानाची भाषा कोडमध्ये नोंदवली आहे का, हे लाइटहाउस पाहते. नोंद खरी आहे का, हे पाहत नाही. मजकूर मराठी आणि नोंद इंग्रजीची, तरी पान पास. अंध वाचकाचा स्क्रीन रीडर मात्र त्या नोंदीवर विसंबून इंग्रजी आवाज लावू शकतो आणि देवनागरीचा पार चुथडा होतो. स्कॅन केलेल्या पीडीएफना तर हे साधन हातच लावत नाही.

पण यातून निघते ते एवढेच, की शंभर गुण म्हणजे पान चांगले असे नव्हे. तीस गुणांच्या पानाचा बचाव यातून होत नाही. वेगाचे गुण दर वेळी थोडे बदलतात, म्हणून पाच वेळा चाचणी घेऊन मधला आकडा धरावा. उरलेले काम माणसाचे : माउस बाजूला ठेवून नुसत्या कळफलकावर अर्ज भरून पाहणे, आणि एनव्हीडीएसारखा मोफत स्क्रीन रीडर रोज वापरणाऱ्या अंध व्यक्तीकडून तोच अर्ज भरून घेणे. तिचे मानधन निविदेतच धरावे आणि तिचा अर्ज दाखल झाल्याची पोचपावती ठेकेदाराच्या शेवटच्या बिलाला जोडावी.