अर्धीच सांगितलेली गोष्ट

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाच्या तोंडी 'ठाणे' या शब्दाला दोन अर्थ असतात. एक रोजचा. नोकरीसाठी, बाजारासाठी, कचेरीतल्या कामासाठी लोकलने जायचे ते ठाणे. दुसरा अर्थ थट्टेतला. तिथले मनोरुग्णालय १९०१ सालचे; तेव्हापासून कधीतरी 'याला ठाण्याला पाठवा' हा वाक्प्रचार मराठीत रुळला आणि आपण सर्वांनी तो निरागसपणे वापरला. या थट्टेने एक काम मात्र चोख केले. मनाच्या दुखण्याविषयी कोणी बोलू पाहील, त्याआधीच त्याचे तोंड बंद केले.

हे सांगण्याचे कारण असे. काही वर्षांपूर्वी माझा एक माजी विद्यार्थी भेटायला आला. बदलापूरला राहणारा, मराठी घेऊन बी. ए. झालेला, लिहिण्याची खरोखरीच ओढ असलेला. दूरचित्रवाणीवरील एका दैनंदिन मालिकेसाठी तो एका ज्येष्ठ लेखकाच्या हाताखाली संवाद लिहीत होता. श्रेयनामावलीत त्याचे नाव नव्हते. गुरुवारी टीआरपीचे आकडे आले की कथानक फिरे आणि लिहून झालेले भाग रातोरात पुन्हा लिहावे लागत. पैसे भाग प्रक्षेपित झाल्यावर नव्वद दिवसांनी, म्हणजे मिळाले तर. चर्चेसाठी गोरेगावला जायचे तर दादरला गाडी बदलायची, परतताना शेवटची कर्जत लोकल गाठायची. हे सारे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. उठता उठता तो एवढेच म्हणाला, "सर, चार महिने झाले, नीट झोप नाही. लोकलच्या दारात उभं राहायची भीती वाटते. पण हे तिथं कुणाला कळलं तर काम जाईल."

मी काय उत्तर दिले ते लिहिताना आजही संकोच वाटतो. मी म्हणालो, "लेखकाला हे सोसावंच लागतं. यातूनच काहीतरी येईल."

ते उत्तर मी क्षणभरही विचार न करता दिले होते, आणि माझ्या अस्वस्थतेचे मूळ तिथेच आहे. विचार न करता जे ओठांवर येते ते आपले नसते, परंपरेचे असते. तेव्हा हे वाक्य मला कोणी शिकवले आणि मी ते किती वर्गांना शिकवले, हा शोध घेणे भाग पडले.

मराठी रंगभूमीचा इतिहास शिकवताना आपण सारेच एक गोष्ट सांगतो. १२ मार्च १९११ रोजी 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. तरीही ते भामिनी म्हणून रंगमंचावर उभे राहिले. सांगताना आपला आवाज जड होतो, वर्ग स्तब्ध होतो. दुसरी गोष्ट तमाशाच्या फडातली. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या घराण्यातल्या विठाबाई नारायणगावकर दिवस भरलेले असताना नाचत होत्या. कळा सुरू झाल्यावर त्या कनातीमागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा फडावर आल्या. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या या कलावतीची अखेरची वर्षे विपन्नावस्थेत गेली. जानेवारी २००२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने राज्य शासन आता दरवर्षी पुरस्कार देते.

या गोष्टी खोट्या आहेत असे मला म्हणायचे नाही. त्या माणसांच्या धैर्यापुढे आजही हात जोडावेत. पण गोष्ट सांगणाऱ्याची जबाबदारी धैर्याच्या वर्णनापाशी संपते काय? मुलगी गेलेल्या बापाला त्या दिवशी रंगमंचावर उभे राहावे लागले, हे मंडळीच्या व्यवहाराविषयी काय सांगते? दिवस भरलेल्या बाईला फडावर उभे राहिल्यावाचून गत्यंतर नव्हते, हे कोणाच्या दारिद्र्याविषयी आणि कोणत्या जातीच्या वाट्याला आलेल्या कष्टांविषयी सांगते? हे प्रश्न आपण विचारत नाही. एकाच्या सोसण्याला 'साधना' म्हणतो, दुसरीच्या सोसण्याला 'जिद्द' म्हणतो, आणि दोन्ही वेळा ज्या व्यवस्थेमुळे सोसावे लागले ती व्यवस्था अलगद नजरेआड होते. बालकवींच्या कवितेतील औदासीन्यावर आपण पिढ्यानपिढ्या प्रश्न काढले; त्या तरुण माणसाच्या पोटापाण्याविषयी एकही नाही.

हा दोष केवळ टीकाशास्त्रापुरता राहता तर गोष्ट वेगळी होती. पण कलाव्यवसायाला आपली ही भाषा फार सोयीची पडते. याची खूण माझ्या गावाशेजारीच आहे. उल्हासनगर हे फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी लष्करी छावणीच्या बराकींतून उभे केलेले शहर. तिथल्या छोट्या छोट्या कारखान्यांत जीन्स शिवल्या जातात आणि कारीगराला नगावर पैसे मिळतात. त्या कारीगराची पिळवणूक होत नाही असे कोणी म्हणणार नाही. पण त्याचे पैसे थकले तर मालक त्याला असे सांगत नाही की बाबा रे, शिवणकाम ही तपश्चर्या आहे, तू पैशांकडे पाहू नकोस. मालिकेचा लेखकही नगावरच काम करतो. त्याचा नग म्हणजे एपिसोड. त्याला मात्र हे ऐकवले जाते, आणि त्याने ते पूर्वी वर्गात ऐकलेले असल्यामुळे त्याला ते खरे वाटते. शिवणाऱ्याला आपण फसवले गेलो हे निदान कळते. लिहिणारा आपली फसवणूक हीच आपली कसोटी समजतो. मनाच्या आरोग्याच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. कारण अन्यायाला अन्याय म्हणता आले तर माणूस रागावू शकतो. ते म्हणता आले नाही की तो स्वतःलाच अपुरा ठरवतो.

याच लोहमार्गावर बदलापूरच्या पुढे कर्जत आहे. कर्जत तालुक्यात नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ साली आपला स्टुडिओ उभारला. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर', 'हम दिल दे चुके सनम', 'लगान' आणि 'देवदास' या चित्रपटांच्या कलादिग्दर्शनासाठी चार वेळा राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेला हा कलावंत. त्यांच्या कंपनीवरील थकबाकी सुमारे २५२ कोटी रुपयांवर गेली. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली आणि २ ऑगस्ट २०२३ रोजी त्यांनी त्याच स्टुडिओत आपले जीवन संपवले. २०११ सालचा 'बालगंधर्व' हा चित्रपट त्यांनीच निर्माण केला होता. कर्जाच्या ओझ्याखाली वाकलेल्या एका कलावंताचे आयुष्य त्यांनी पडद्यावर आणले होते, ही गोष्ट मनातून जात नाही.

अशा मृत्यूचे एक कारण सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही, मलाही नाही. परंतु अशा वेळी आपल्या लेखणीतून जी विशेषणे पाझरतात त्यांच्याविषयी बोलण्याचा अधिकार आहे. 'स्वप्नवेडा', 'कलंदर', 'व्यवहारात न रमलेला'. ही विशेषणे प्रेमाने लिहिलेली असतात. तरी ती एक निवाडा देऊन मोकळी होतात की कलावंताचा स्वभावच त्याला घेऊन गेला. मग कर्जाच्या अटी, मोठे काम एकट्या माणसाच्या नावावर आणि हमीवर चालवण्याची रीत, संकटात असलेल्या माणसाला 'मी संकटात आहे' म्हणण्याची चोरी या कशाचीच चौकशी उरत नाही. आणि एवढ्या मोठ्या नावाची ही गत, तर श्रेयनामावलीत नसलेल्यांची काय कथा? कर्जतचे निदान सर्वांना कळले. माझ्या विद्यार्थ्याची चार महिन्यांची निद्रा कुठेच नोंदली गेली नाही.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो साहित्याच्या माणसाकडूनच येईल. कामाचे तास मोजून कला होते काय? अस्वस्थतेवाचून कोणी लिहिले आहे काय? आक्षेपात तथ्य आहे. लिहिणाऱ्याची अस्वस्थता औषधाने घालवावी असे कोणी म्हणत नाही. पण कवितेच्या शोधात आलेली जाग आणि गुरुवारच्या आकड्यांमुळे लादलेले जागरण यांत भेद करण्याइतकी विवेकबुद्धी समीक्षकाकडे असावी. पहिली अस्वस्थता लेखकाची असते, दुसरी निर्मात्याच्या हिशेबातली असते. दुसरीला पहिलीचे कपडे चढवून आपण वर्गात उभे करतो, तेव्हा साहित्याची प्रतिष्ठा वाढत नाही. आपण फक्त व्यवसायाची वकिली फुकट करतो. नारायण सुर्वे यांनी कामगाराचे जगणे कवितेत आणले, पण उपासमार ही कवितेची पूर्वअट आहे असे त्यांच्या कवितेतून कोणी शिकले नाही. आणि मनाच्या आजाराविषयी म्हणाल, तर सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी 'देवराई' (२००४) आणि 'कासव' या चित्रपटांत हे दाखवून दिले आहे की आजाराला काव्य न बनवताही उत्तम कलाकृती होते. 'कासव'मधल्या खचलेल्या तरुणाला सावरते ती कोणाची तरी धीराची, न बोलता केलेली देखभाल. सोसण्याचे कौतुक त्याच्या कामी येत नाही.

जगात इतरत्र लोकांनी हा भेद करायला सुरुवात केली आहे. अमेरिकेतील पटकथालेखक २ मे ते २७ सप्टेंबर २०२३ या काळात संपावर होते, आणि लेखन हे काम आहे, त्याला मुदत, माणसे व मोबदला लागतो, हे त्यांनी करारात उतरवून घेतले. केरळात न्यायमूर्ती हेमा समितीने चित्रपटव्यवसायातील स्त्रियांच्या स्थितीवर २०१९ च्या अखेरीस अहवाल दिला. तो जनतेपुढे यायला १९ ऑगस्ट २०२४ उजाडले. त्यात लैंगिक अत्याचारांबरोबर चित्रीकरणस्थळी स्वच्छतागृह नसणे, लेखी करार नसणे अशा साध्या गोष्टीही होत्या. साध्या गोष्टींचाच माणसाच्या मनावर रोज भार पडत असतो. आपल्या देशात चित्रपट-कामगारांसाठी १९८१ चा कायदा होता. तो २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत सामावला गेला, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्या कक्षेत येणाऱ्या दृक्‌श्राव्य निर्मितीतील कामगाराला लेखी कराराशिवाय कामावर ठेवण्यास तिने मनाई केली आहे. कायदा कागदावर आहे. त्याच्याकडे बोट दाखवण्याचे बळ मात्र करार मागणे म्हणजे कलेचा अपमान नव्हे, असे ज्याला कोणी सांगितले आहे त्यालाच येते. ते सांगणार कोण?

माझे उत्तर सरळ आहे. आपण. या पट्ट्यातील महाविद्यालयांतून मराठी आणि जनसंवाद शिकलेली मुले मालिकांकडे, जाहिरातींकडे, संकलनाच्या खोल्यांकडे निघतात. त्यांना रससिद्धान्त शिकवताना करार कसा वाचावा हेही शिकवता येईल. नाटकाचा इतिहास सांगताना नाटक मंडळ्यांच्या वेतनाचा, कर्जाचा, आजारपणाचा इतिहास सांगता येईल. अंबरनाथचे शिवमंदिर, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चे, आपण सहलीला दाखवतो. तिथे शिलाहार राजाचे नाव सांगून झाल्यावर दगड घडवणाऱ्यांची नावे लोकस्मृतीत का उरली नाहीत हा प्रश्न विचारता येईल. श्रेयनामावलीचा पहिला धडा तिथेच आहे. आणि कोणी 'झोप नाही' म्हणाले, तर त्याला साहित्यिक उत्तर न देता डॉक्टरांकडे नेता येईल. शासनाची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर आहे. फळ्याच्या कोपऱ्यात तो आकडा लिहून ठेवायला अभ्यासमंडळाची परवानगी लागत नाही.

शेवटी पुन्हा विठाबाईंकडे येतो, कारण त्यांची गोष्ट मी वर अर्धीच सांगितली. आपण सारे ती नेहमी अर्धीच सांगतो. पुढचा भाग असा सांगतात की बाळंत होऊन त्या फडावर परतल्या, तेव्हा प्रेक्षकांच्या लक्षात आले. त्यांनी विचारपूस केली, खरा प्रकार कळला, आणि त्यांनी आदराने खेळ थांबवला. बाईला विश्रांती घ्यायला सांगितले. पैसे देऊन तमाशाला आलेली ती साधी माणसे होती. कलावतीचे सोसणे पाहून टाळ्या वाजवण्याऐवजी ती म्हणाली, आता पुरे.

मी वर्षानुवर्षे वर्गात गोष्ट कनातीपाशी संपवली. तिच्यातला खरा रसिक पुढच्या भागात होता. तो मुलगा त्या दिवशी माझ्यासमोर बसला होता, तेव्हा 'आता पुरे' एवढेच म्हणायला हवे होते. पुढे त्याने ते काम सोडले, उपचार घेतले. आता तो दुसरीकडे, स्वतःच्या नावाने लिहितो. यात माझा काही वाटा नाही. या वर्षीपासून मी ती गोष्ट पुरी सांगतो, इतकेच.