चालते यंत्र भंगारात का जावे?

२०२५ च्या ऑक्टोबर महिन्याची १४ तारीख परभणी जिल्ह्यातील राणीसावरगावात इतर दिवसांसारखीच उगवली आणि मावळली असेल. परंतु त्या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ ची नित्याची देखभाल थांबविली, आणि त्याचा भुर्दंड अशाच गावांना सोसावा लागणार आहे. कंपनीने अटींवर वर्षभराची सवलत देऊ केली हे खरे. पण मुदतवाढ म्हणजे माफी नव्हे. ‘विंडोज ११’ तर टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप नसलेल्या किंवा जुना प्रोसेसर असलेल्या संगणकांना आपल्या यादीतच धरत नाही. मुंबई-पुण्याच्या कचेरीत जुना संगणक गेला की नवा येतो. खेड्यात मात्र सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्ती ही सारी कामे बहुधा एकाच संगणकावर, एकाच प्रिंटरवर आणि एकाच स्कॅनरवर चालतात. त्यातले एक अडले की रांगेतल्या शेतकऱ्याचा दिवस बुडतो.

या प्रश्नाची चर्चा होते ती संगणकापुरतीच. वस्तुतः मोठे नुकसान त्याला जोडलेल्या उपकरणांचे आहे. स्कॅनरचा दिवा शाबूत, काच स्वच्छ, पट्टा सुरळीत. तरीही नवा संगणक त्याला ओळखच देत नाही. कारण त्या दोघांमधला दुभाष्या, म्हणजे ‘ड्रायव्हर’ नावाची आज्ञावली, नव्या विंडोजसाठी कोणी लिहिलेली नसते. विंडोजच्या व्यवस्थेत हा दुभाष्या पुरविण्याचे काम मुख्यतः उपकरण विकणाऱ्या कंपनीकडे असते, आणि विकून झालेल्या मालावर पुन्हा श्रम करण्यात कंपनीला लाभ काय? २००७ साली ‘व्हिस्टा’ आली, पाठोपाठ ६४ बिटांच्या विंडोजचा प्रसार झाला. तिला ३२ बिटांचे ड्रायव्हर चालत नसल्याने धडधाकट स्कॅनर घरोघरी निकामी ठरले. कॅनन कंपनीच्या लायडी मालिकेतील काही जुन्या स्कॅनरांची हीच गत झाली.

तेच स्कॅनर लिनक्सवर चालत राहिले. लायनस टॉरव्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली आरंभिलेल्या या कार्यप्रणालीत बहुतेक ड्रायव्हर मूळ आज्ञावलीच्या उदरातच नांदतात. आतली रचना बदलणाऱ्याने त्या बदलामुळे मोडणारे सारे ड्रायव्हरही दुरुस्त करून द्यावेत, असा तेथील दंडक आहे. स्कॅनरांसाठी ‘सेन’ आणि प्रिंटरांसाठी ‘कप्स’ हे प्रकल्प गाभ्याबाहेर असले तरी त्यांचीही आज्ञावली उघडी आहे. म्हणून मूळ कंपनीने पाठ फिरवली तरी एखादा परका माणूस आपल्या सोयीसाठी तो ड्रायव्हर जिवंत ठेवतो, आणि त्याच्या सोयीचा लाभ राणीसावरगावालाही फुकट मिळतो. वापरणारेच उरले नाहीत तर तेथेही जुने ड्रायव्हर काढून टाकले जातात. तथापि तो निर्णय विक्रीच्या वहीवरून होत नाही.

या साऱ्या चळवळीच्या मुळाशी एक प्रिंटरच आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत लेसर प्रिंटर आला, तो झेरॉक्स कंपनीचा; जिचे नाव मराठी मुलखात नक्कल काढण्याच्या क्रियेलाच चिकटले आहे. कागद अडकला की वापरणाऱ्यांना तशी सूचना मिळावी, अशी सुधारणा रिचर्ड स्टॉलमन यांना त्यात करावयाची होती. मूळ आज्ञावली हाती असलेल्या एका संशोधकाने गुप्ततेच्या कराराकडे बोट दाखवून ती देण्यास नकार दिला. स्टॉलमन यांनी तो नकार विसरला नाही. १९८३ मध्ये त्यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली.

म्हणून लिनक्सवर सारेच उत्तम चालते असे म्हणणे मात्र भाबडेपणाचे होईल. झेरॉक्सच्या दुकानांत जागोजागी दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० हा प्रिंटर लिनक्सवर बसविताना भल्याभल्यांना घाम फुटतो, कारण त्याची भाषा कंपनीने बंदिस्त ठेवली. बोटांचे ठसे घेणारी यंत्रे आणि डिजिटल स्वाक्षरीची टोकने यांची सॉफ्टवेअरे प्रामुख्याने विंडोज अथवा अँड्रॉईड डोळ्यांसमोर ठेवूनच केलेली असतात. उलट एप्सनच्या प्रसिद्ध आज्ञासंचावर चालणारे जुने डॉट मॅट्रिक्स प्रिंटर कोठेही जोडावेत, ते कुरकुरत का होईना छापतात. नव्या प्रिंटरांत सर्वमान्य, उघडी भाषा आल्यामुळे वेगळ्या ड्रायव्हरची गरजच कमी होत आहे. मायक्रोसॉफ्टनेही २०२३ साली कंपन्यांच्या प्रिंटर ड्रायव्हरांचा आपल्यामार्फत होणारा पुरवठा टप्प्याटप्प्याने आवरता घेण्याचे जाहीर केले. लढा दोन कार्यप्रणालींचा नाही. यंत्राची भाषा त्याच्या मालकाला कळावी की नाही, एवढाच आहे.

मराठी मुद्रणव्यवसायाने ही किंमत एकदा मोजली आहे. अक्षरजुळणीच्या कित्येक आज्ञावल्या संगणकाच्या मागे लावावयाच्या ‘हार्डवेअर लॉक’सह विकल्या जात. ती कडी हरवली, किंवा ती खोचण्याचे पोर्टच नव्या संगणकातून नाहीसे झाले, की पैसे मोजून घेतलेली आज्ञावली मुकी होई, आणि तिच्या विशिष्ट फाँटात जुळविलेला मजकूर तिच्यावाचून वाचणेही दुरापास्त होई.

केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. ते वगळावयाचे तर पुरवठादाराने कारणे द्यावीत, असेही त्यात आहे. सी-डॅकने ‘बॉस’ ही भारतीय भाषांची लिनक्स सिद्ध केली. केरळच्या सरकारी शाळांनी तर लिनक्सवर मुलांच्या पिढ्या शिकविल्या. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदा आणि ग्रामपंचायती प्रिंटर-स्कॅनर घेताना मात्र किंमत आणि हमीची वर्षे, यांपलीकडे क्वचितच पाहतात. निविदेत एवढी अट घालता येईल की उपकरण लिनक्सवर चालते हे पुरवठादाराने सुपूर्त करतानाच दाखवून द्यावे. ठशांच्या यंत्रांबाबत ही मागणी गावाच्या पातळीवर रेटता येणार नाही. ती राज्य शासनानेच केली पाहिजे.

तोवर एक गोष्ट आजही करण्यासारखी आहे. लिनक्स पेन ड्राइव्हवरून चालविता येते, संगणकातील मजकुराला धक्का लागत नाही, आणि ‘बंद’ ठरलेला स्कॅनर खरोखर बंद आहे काय, हे अर्ध्या तासात कळते. शाळांच्या व कचेऱ्यांच्या अडगळीत पडलेली यंत्रे निर्लेखित करण्यापूर्वी तेवढा अर्धा तास खर्च करण्यास कोणत्याही शासननिर्णयाची आवश्यकता नाही.