तो क्रूस कोणाचा होता?

२ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे भारतीय नौदलाच्या नव्या ध्वजाचे अनावरण झाले, तेव्हापासून आमच्या देवळांच्या सभामंडपांत एक वाक्य वारंवार कानी पडते : "क्रूस उतरला, आता आरमार आपले झाले." वाक्य टाळ्या घेणारे आहे. परंतु ते असत्य आहे, आणि गोमंतकात उच्चारले की कृतघ्नपणाचेही ठरते.

जो गेला तो तांबडा क्रूस सेंट जॉर्जचा, म्हणजे इंग्लंडच्या निशाणाचा. ब्रिटिश आरमाराच्या ध्वजावरून तो आपल्याकडे आला. १९५० साली आपण कोपऱ्यातील युनियन जॅक काढून तेथे तिरंगा बसविला. क्रूस तसाच राहिला. परक्या राजसत्तेची ती खूण जाणे योग्यच होते, याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. पण शेजारच्या वाड्यावरील ख्रिस्ती घरासमोरच्या क्रूसाशी तिचा संबंध काय? एका राजसत्तेविरुद्धचा निकाल शेजाऱ्याच्या धर्मावर बजावणे म्हणजे भलत्याच प्रतिवादीच्या दारी जप्ती नेणे होय.

क्रूस २००१ सालीही एकदा उतरला होता. त्याच्या जागी आलेले निळे चिन्ह समुद्राच्या व आकाशाच्या निळाईत दुरून ओळखू येईना, अशी तक्रार झाली, आणि २००४ मध्ये, वाजपेयी सरकारच्याच कारकिर्दीत, क्रूस परत आला. प्रश्न धर्माचा असता तर तो रंगाच्या तक्रारीवर मिटला असता काय?

आणि १८ डिसेंबर १९६१? कारवारसमोरील अंजदीव बेटावर उतरलेले नौसैनिक याच क्रूसांकित ध्वजाचे होते. त्यांतील सात जण धारातीर्थी पडले. मुरगाव बंदरात 'बेतवा' आणि 'बियास' या नौकांनी पोर्तुगीज 'अफोंसो द आल्बुकेर्क'वर तोफा डागल्या, तेव्हाही ध्वज तोच. ते आरमार आपले नव्हते, तर आम्हांस मुक्त करावयास आले ते कोणाचे?

नव्या ध्वजावरील निळ्या अष्टकोनाची दुहेरी सोनेरी कड शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतली आहे. अष्टकोनाने आठ दिशा सुचविल्या आहेत, असे सांगतात, ठीक आहे. पण त्या मुद्रेवरील लेख किती जणांनी वाचला? त्यात कोणाच्या पाडावाची बढाई नाही. ही मुद्रा लोककल्याणासाठी शोभते, एवढेच ती म्हणते. आत ढाल, नांगर, राजचिन्ह, आणि 'शं नो वरुणः' हे ब्रीद : वरुण आम्हांस सुखकारक होवो. यातील 'आम्हांस' हे बहुवचन आहे. कायद्याच्या कोणत्याही अर्थान्वयाने त्यातून इंजिनघरातील ख्रिस्ती खलाशी किंवा तोफेवरील मुसलमान वगळता येत नाही.

येत्या जत्रेत वक्त्यांनी प्रथम अंजदीवच्या त्या सात जणांची नावे मिळवून वाचावीत. टाळ्यांचे मग पाहू.