जुनी गोळी म्हणून साधी?

गाउटच्या गोळ्या जुन्या, स्वस्त, साध्या. इतर औषधांबरोबर त्या चालतात का, याच्या चौकशा रुग्णाने करू नयेत. त्याने घाबरून गोळ्या सुटतात. काय ते डॉक्टर बघतील. एका आरोग्यविषयक सदरात हे नुकतंच ठासून सांगितलेलं वाचलं आणि संताप आला.

भीतीचं आधी बघू. गाउटवरचं अॅलोप्युरिनॉल सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत अंगठा पुन्हा ठणकू शकतो, हे न सांगितल्यामुळे माणसं गोळी सोडतात. चौकशी केल्यामुळे नव्हे. आणि डॉक्टर बघतील म्हणजे कोणते? हृदयाचे, किडनीचे, की नाक्यावरचे? तिघांकडे तीन फायली.

माझं खरं भांडण ‘जुनी म्हणून साधी’ या वाक्याशी आहे. गाउटवरचंच कोल्चिसिन 1820 साली वनस्पतीतून वेगळं काढलं गेलं. दोन शतकं उलटली तरी त्याची उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडंच आहे. पावसाळ्यात कुंपणांवर फुलणाऱ्या आपल्या कळलावीच्या कंदात हेच द्रव्य असतं. कोल्चिसिनचा निचरा मुख्यतः दोन वाटांनी होतो: एक एन्झाइम ते मोडतं आणि एक प्रथिन ते पेशींबाहेर ढकलतं. छातीच्या संसर्गावर क्लॅरिथ्रोमायसिन दिलं की या दोन्ही वाटा अडतात. रोजचीच गोळी, रोजचीच मात्रा, पण आता ती अंगात साचू लागते. आधी उलट्या-जुलाब होतात. पोट बिघडलं म्हणून ओआरएस पीत घरी बसावं, तोवर स्नायू, अस्थिमज्जा, किडनी यांवर घाला पडलेला असतो. डायलिसिसने हे विष निघत नाही. या जोडीने माणसं दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. किडनी आधीच अधू असेल तर धोका आणखी मोठा. व्हेरापामिल, डिल्टियाझेम, सायक्लोस्पोरिन हीही क्लॅरिथ्रोमायसिनच्याच पंक्तीतली.

अॅलोप्युरिनॉलचा तर इतिहासच या सदराला खोटं पाडतो. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज या 1988 च्या नोबेल मानकऱ्यांच्या प्रयोगशाळेत ते आधी तपासलं गेलं, ते मर्कॅप्टोप्युरिन हे ल्युकेमियावरचं औषध शरीरात लवकर मोडू नये म्हणून. दुसऱ्या औषधाचं बळ वाढवणं हाच या गोळीचा मूळ गुण. अॅझाथायोप्रिनचं शरीरात मर्कॅप्टोप्युरिनच होतं. प्रत्यारोपण झालेल्या माणसाला ही दोन्ही द्यायचीच झाली, तर अॅझाथायोप्रिन पाव ते एक तृतीयांश मात्रेवर आणावं लागतं आणि रक्ताच्या तपासण्या कराव्या लागतात. नाहीतर रक्तपेशी तयार होणंच मंदावतं. असल्या गोळीला साधी म्हणणं बेजबाबदारपणाचं आहे.

मग करायचं काय? सगळ्या औषधांची एकच यादी खिशात ठेवा, काढ्यांसकट. मेडिकलवाला चार गोळ्या कात्रीने कापून देतो आणि नाव छापलेला तुकडा दुकानातच राहतो. पुढच्या डॉक्टरांसमोर ती नुसती ‘पांढरी, बारीक गोळी’ उरते. नावाचा तुकडा मागून घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डायक्लोफिनॅक मनाने घेऊ नका. हृदयासाठी दिलेली अॅस्पिरिन गाउटच्या मुळाशी असलेलं युरिक अॅसिड थोडं वाढवते, तरी ती मनाने बंद करू नका. बीपीसाठी थायझाइड चालू असेल तर त्याऐवजी लोसार्टान चालेल का, हे विचारा. लोसार्टानने युरिक अॅसिड थोडं उतरतं. टीबीच्या उपचारात पायराझिनामाइडमुळे युरिक अॅसिड वाढून सांधे दुखले, तर औषध न थांबवता केंद्रावर सांगा. आणि कुणीही नवं अँटिबायोटिक लिहू लागलं, की पेन कागदाला टेकण्याआधीच सांगा, ‘डॉक्टर, मला कोल्चिसिन चालू आहे.’